पाठमोरी

गुरुवारी तिसऱ्या तासाला पाचवी ब.
सातपूरच्या तलावापाशी बस थांबायच्या आधीच
क्लोरीनचा वास रस्त्यावर येऊन उभा असतो.
मी मराठी शिकवते. मला पोहता येत नाही.
म्हणूनच बहुधा पाण्याऐवजी
कपडे बदलायच्या खोलीची राखण माझ्याकडे.

मोठ्या बाईंनी कागद दिलाय, लॅमिनेट केलेला :
दाराबाहेर उभे राहावे. हाक ऐकू येईल इतके जवळ.
मोबाइल पर्समध्ये, पर्स काउंटरवर.
मदत लागल्यास एकटीने आत जाऊ नये,
तलावावरच्या हौसा मावशींना सोबत घ्यावे.
मुलांच्या बाजूला असाच कागद घेऊन गायधनी सर उभे,
भूगोलाच्या वह्या बगलेत.

मी दाराकडे पाठ करते. समोर भिंत.
भिंतीवर निळ्या रंगात : ओल्या पायांनी पळू नये.
'पळू'चा उकार पोपडा होऊन गळालाय.
दर गुरुवारी मी तो मनातल्या मनात देते.

भिंतीला कान असतात म्हणे.
चार आठवड्यांत ते माझ्या पाठीला फुटलेत.
अडकलेली चेन कळते. बादली लवंडलेली कळते.
ज्ञानदा निमसेचं उचकी लागल्यासारखं हसू,
"ए, माझी टोपी!", चपलांची अदलाबदल,
आणि मध्येच आवाज बंद.
गप्प होण्यातही फरक असतो.
खोडी चाललेली असली की ती गप्प उकळत्या दुधासारखी,
आत्ता उतू जाईल अशी.
आजची तशी नव्हती.

मग कुणीतरी :
"हा काय टॉवेल आहे? ही तर साडी आहे."
आणखी दोघी हसल्या.
ईश्वरी कोशिरेचा आवाज नाही.

वळायचं नव्हतं. मी भिंतीलाच म्हणाले,
वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात,
"जुन्या साडीइतकं पाणी कुठलाच टॉवेल पीत नाही.
वाळतोही घरी पोचायच्या आत.
आमच्या घरी तोच होता.
चला, पाच मिनिटं."

खरं होतं ते. पण बोलल्यावर आठवलं दुसरंच.

सोमवती. गंगेवर माणसांचा चिखल.
गोदावरी म्हणायची सवय आम्हाला नाही, गंगाच.
मामी ओली, कुडकुडत,
आणि आईने लुगडं पसरून धरलेलं, दोन्ही हात ताणून.
त्या गर्दीत आईच्या दोन हातांच्या मध्ये
एक खोली तयार झाली होती.
मी साताठ वर्षांची. आईकडे बघत होते.
आई पाण्याकडे बघत होती. पार पलीकडच्या काठाकडे,
जणू तिथे कुणी ओळखीचं येणार आहे.
मामीचं आवरेपर्यंत मान वळली नाही.
हात दुखले असतील. त्याबद्दल
ती घरी येऊन काहीच बोलली नाही,
फक्त भाकरी थापताना मधूनच खांदा चोळत होती.

दार उघडलं.
सोळा, सतरा, अठरा.
एकोणिसावी रेवा, टॉवेलवर मांजर, नजर फरशीवर.
विसावी ईश्वरी.
साडीचा तुकडा तिने लपवला नव्हता,
खांद्यावरून घेतला होता, काठ बाहेर.
जांभळा, कोयरीचा.
माझ्यापाशी थांबून म्हणाली,
"बाई, तुम्ही कधी शिकणार?"
मी म्हटलं, "रांगेत चल."

सगळ्या बसकडे गेल्यावर हौसा मावशी आणि मी आत जातो.
रिकाम्या खोलीत अजून वाफ, केसांचा ओला वास.
एक मोजा. एक क्लिप. आणि बाकड्याखाली
वहीच्या कागदाची पुडी.
उघडली तर दुधाची दाढ.
कागदावर माझीच लाल शाई : अक्षर सुधार.

मावशी म्हणाल्या, टाका, कोण विचारणार.
मी पुडी पर्समध्ये ठेवली.
अक्षर भिजून फुटलंय, कुणाचं ते कळत नाही.
पुढच्या गुरुवारी विचारीन,
सगळ्यांसमोर नाही.